अंतरपाट

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला मंगलाष्टकं पाठ नसली तरी चालतं, पण ती संपणार कुठे हे मात्र पक्कं कळावं लागतं. शेवटचं 'सावधान' कानावर पडतं, गुरुजी अंतरपाट बाजूला ओढतात, अक्षतांचा मारा होतो, बाहेर बँडवाला फुंकायला लागतो, आणि नवरा-नवरी एकमेकांकडे जे काही पाहतात ते एवढ्या दोन सेकंदांत आटोपतं. चिंचवडला ज्यांच्या स्टुडिओत मी कॉलेजात असताना उमेदवारी केली ते काका एरवी फार बोलायचे नाहीत. पहिल्याच लग्नात माझे फोटो बघून ते म्हणाले, "पोरी, अक्षता दिसल्यावर दाबलंस तर जमिनीवर पडलेल्या अक्षतांचा फोटो येईल. कान दे."

मला त्यांनी ठेवलं होतं ते खरं म्हणजे नवरीच्या खोलीसाठी. तिथे साडी नेसवणं चालू असतं, पुरुष फोटोग्राफर गेलेला चालत नाही, आणि 'ती मुलगी आहे ना, तिला पाठवा' एवढीच माझी पात्रता. बाहेरच्या मांडवात मी त्यांची दुसरी बॅटरी आणि तिसरा हात होते. पण 'कान दे' हे मी तिथे शिकले, आणि पुढे त्यावर माझं भलत्याच ठिकाणी भागलं.

डिसेंबर 2010 मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा मी मैत्रिणींबरोबर नुसती बघायला गेले होते. त्याआधी माझ्या लेखी बँड म्हणजे लग्नातला ब्रास बँड. इंग्रजीत गाणारी, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी पोरं आपल्याच शहरात आहेत, आणि त्यातला एक तर आमच्याच कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर झोपतो, हे मला तिथे कळलं. झोपणारा तो ड्रमर होता. दीड वर्षानं त्यानंच मला विचारलं, "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? शनिवारी येतेस का? पैसे नाहीत, पण जेवण आहे." जेवण म्हणजे फ्रेंच फ्राइज निघाले, तेही चौघांत.

मुंढव्याच्या बाजूला एका हॉटेलची गच्ची. प्रेक्षक तीस-पस्तीस, त्यातले निम्मे दुसऱ्या बँडमधले, कारण या जगात सगळे एकमेकांच्या कार्यक्रमाला जाऊन एकमेकांची उपस्थिती फेडतात, आहेर फेडावा तशी. माझ्याकडे वापरलेला निकॉन डी90 आणि 50 एमएमची 1.8 वाली लेन्स. सगळ्यात स्वस्त पडते आणि अंधारात सगळ्यात जास्त उपयोगी येते ती हीच. आयएसओ 1600 वर ठेवला, 3200 वर त्या कॅमेऱ्यात रवा सांडल्यासारखं दिसायचं. घरी येऊन मोजले तर 412 फोटो निघाले. बघण्यासारखे नऊ.

बाकीच्या 403 मध्ये काय होतं? माइक. गाणाऱ्याच्या तोंडापुढे माइक, तोंडात माइक, नाकाखाली मिशीसारखा माइक. दुसरं म्हणजे मिटलेलं तोंड. आपल्याला वाटतं गाणारा सतत गात असतो. फोटो काढायला लागलं की कळतं, तो बराच वेळ श्वास घेत असतो, आवंढा गिळत असतो, गिटारकडे बघत असतो. आणि तिसरं, लाल दिवा. छोट्या जागांत दोन-चार एलईडी पार कॅन टांगलेले असतात, आणि लाइटवाला नावाचा कोणी नसतोच. आवाज सांभाळणाराच मधूनमधून एक बटण दाबतो. भडक लाल उजेडात कॅमेऱ्याचा लाल रंग तेवढा काठोकाठ भरतो, हिरव्या-निळ्याच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. डोळ्याला दिसणारा चेहरा फोटोत जेलीचा गोळा होतो. नाक कुठे, गाल कुठे, पत्ता नाही. उपाय एकच, फोटो मुद्दाम काळपट काढायचा आणि घरी कृष्णधवल करून टाकायचा. गिगचे, म्हणजे बँडच्या अशा कार्यक्रमांचे, एवढे फोटो कृष्णधवल का असतात असं लोक विचारतात, त्यांना ते कलात्मक वाटतं. निम्म्या वेळा ती लालीवरची मलमपट्टी असते.

फ्लॅश मी लग्नात बिनदिक्कत मारते, गिगमध्ये मारत नाही. अंधारात डोळे मिटून गाणाऱ्याच्या तोंडावर वीज पाडायची आणि मग त्याच्या भावमुद्रेची अपेक्षा करायची, हे मला जमत नाही.

त्या पहिल्या रात्री नऊच्या नऊ फोटो एकाच गाण्यातले निघाले. गाणं जड होतं, ज्याला ही मंडळी ब्रेकडाऊन म्हणतात तसलं. सगळी वाद्यं धावत येतात, एकदम थांबतात, क्षणभर नुसता ॲम्पचा हुंकार ऐकू येतो, आणि मग चौघंही एकाच ठोक्यावर कोसळतात. त्या थांबलेल्या क्षणात माझ्या पाठीच्या कण्यातून काहीतरी गेलं. हे मला माहीत होतं. हे 'सावधान' होतं. माझं बोट माझ्या आधी हललं. केस हवेत, गिटार छातीच्या वर, गाणाऱ्याचं तोंड माइकपासून वीतभर लांब आणि पूर्ण उघडं.

त्यानंतर मी सरावाला जायला लागले. तासावर भाड्याने मिळणारी खोली, भिंतींना फोम आणि त्यावर जुन्या गाद्या, पंखा बंद कारण तो माइकमध्ये येतो. तिथे कॅमेरा काढायचा नाही, नुसतं बसायचं. गाणं कुठे वळतं ते ऐकायचं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी गाणाऱ्याकडे बघते आहे पण ऐकते आहे ड्रमरला. वळण येणार याची खबर त्याच्याकडे सगळ्यात आधी पोचते. हाय-हॅट आतापर्यंत मिटलेली असते, ती थोडी उघडते आणि 'टिक टिक'चं 'छिस छिस' होतं. स्नेअरवर एक घसरगुंडी होते. मग तो श्वास घेतल्यासारखा अर्धा ठोका थांबतो. मी त्या अर्ध्या ठोक्यात बटण दाबते. डिजिटल कॅमेऱ्यालाही बटण दाबल्यापासून फोटो होईपर्यंत किंचित वेळ लागतो, आपल्या बोटाला त्याहून जास्त. तेवढं उधार आधीच घेऊन ठेवावं लागतं, आणि ते ड्रमर देतो.

आईला हे सगळं कळायचं नाही असं नाही, पण शब्द अडायचे. एकदा मी बूट घालताना तिने विचारलं, "आज कुणाचा कार्यक्रम?" मी म्हटलं, "भयानक मौत." मुंबईचा हा मेटल बँड 2003 पासूनचा, चांगला नावाजलेला. आई देवापाशी होती. "तिन्हीसांजेला शुभ बोलावं गं," म्हणाली आणि निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरला. रात्री साडेअकराला मी स्कूटी लावली तेव्हा ती गॅलरीत उभी. "झाली का ती मौत?"

मॉशपिट, म्हणजे गर्दीच्या मध्ये पोरं एकमेकांवर आपटतात तो रिंगणाचा प्रकार, मला लांबून फार हिंसक वाटायचा. आत गेल्यावर कळलं, कोणी पडलं तर चार हात लगेच उचलायला येतात. माझी लेन्सची टोपी तिथे पडली तेव्हा एका अगडबंब पोराने सगळं रिंगण थांबवून मोबाइलच्या उजेडात ती शोधून दिली, आणि 'ताई, सांभाळून' म्हणून पुन्हा आपटायला गेला. कोपर लागतं ते मात्र खरं. दुसऱ्या दिवशी लग्नाला साडीचा पदर गुंडाळून काळानिळा दंड झाकून उभी राहिले आहे मी.

आमच्या काकांच्या ओळखीने एकदा सवाईलाही जाऊन आले. 1953 पासून चाललेला तो शास्त्रीय संगीताचा महोत्सव. तिथे फोटो काढणाऱ्यांची एक वेगळीच जात आहे, वर्षानुवर्षं तेच कोपरे धरून बसलेली. आलापी चालू होती. माझ्या डी90 चा आरसा आत 'खटॅक' करून आपटला आणि पुढच्या चटईवरच्या एका आजोबांनी वळून असं पाहिलं की मी समेच्या टाळीशिवाय पुन्हा बटण दाबलं नाही. पण तेच तर शिकण्यासारखं होतं. समेला सगळ्या माना एकदम हलतात, तबलजीची नजर वर येते, त्या एका ठिकाणी आवाजही खपतो आणि फोटोही मिळतो. सवाईत आपला आवाज कुणाला जाऊ नये ही चिंता. मेटलच्या गिगला शटरचा आवाज मला स्वतःला कधी ऐकू आलेला नाही.

पैशाचं एकदाच सांगून टाकते. दोन दिवसांच्या लग्नात जे सुटायचं ते मिळवायला मला वर्षभराची गिग्ज पुरली नसती. बँडकडे नसतातच पैसे; दारावर जमलेल्या तिकिटांतून साऊंडचं भाडं आणि रिक्षा निघाली तरी ते खूश. त्यांचा मला राग नाही. राग आला तो एकदाच. एका कपडे विकणाऱ्या कंपनीने माझा फोटो खालची सही कापून जाहिरातीत वापरला. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "पण तो तुम्ही फ्रीमध्येच काढला होता ना?" तेव्हा मी 1957 चा कॉपीराइट कायदा वाचला. त्यात गंमत अशी की कुणी पैसे मोजून फोटो काढून घेतला तर, वेगळं काही ठरलं नसेल तर, पहिला मालक तो पैसे देणारा. आणि कुणी दमडी दिली नसेल तर मालक काढणारा. म्हणजे लग्नांचे हजारो फोटो त्या त्या घरांचे, आणि फुकट काढलेला एकूण एक गिगचा फोटो माझा. मी हे त्या मुलाला सांगितलं. जाहिरात उतरली. पैसे काही आले नाहीत.

या सगळ्यावर एक घड्याळ असतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण आमच्या गच्च्या-अंगणांना कुठली? आठला सुरू व्हायचं ते साडेआठ-पावणेनऊला होतं, साऊंडचेक लांबतं, आणि शेवटच्या, म्हणजे ज्याच्यासाठी लोक आले त्या बँडला वीस मिनिटं उरतात. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन यातच गेलं. 1986 पासूनचं इंडिपेंडन्स रॉक तिथे वर्षानुवर्षं गाजलं. पण ते नाट्यगृह उघडं, शेजारी कॉलेज आणि इस्पितळं, आणि शांतता क्षेत्र म्हणजे चहूबाजूंनी शंभर मीटर. माझ्यापेक्षा वयाने मोठे मेटलवाले आजही रंगभवनबद्दल माहेर मोडल्यासारखं बोलतात. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच: गच्चीच्या दारात हवालदार घड्याळ दाखवत उभा, आणि गाणारा त्याला हातानेच 'एक, साहेब, एकच' करतो आहे. तो फोटो माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी एक आहे. दिवा नेमका पांढरा होता.

मोठ्या महोत्सवात पासवर फोटो काढायला मिळाले तेव्हा मला वाटलं आता आपण पोचलो. तिथला जगभरचा नियम, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. तीन गाण्यांत बँड अजून इस्त्रीचा असतो. घाम यायला पाचवं गाणं लागतं. मी बाहेर कुंपणापाशी उभी राहून सहावं गाणं ऐकत होते आणि बोट आपोआप बरोबर ठिकाणी हलत होतं, हातात कॅमेरा नसताना.

आणि नेमका फोटो म्हणजे स्वच्छ फोटो, हेही माझ्या डोक्यातून जायला वेळ लागला. लग्नाने लावलेली सवय. तिथे मावशीचा चेहरा धूसर आला तर मावशी सोडत नाही. पण 'द क्लॅश' या बँडच्या 'लंडन कॉलिंग' या 1979 च्या अल्बमवरचा फोटो पेनी स्मिथने काढलेला. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये पॉल सिमोननने बास गिटार जमिनीवर आपटायला उगारली तो क्षण. तो अंगावर येतो आहे म्हणून ती मागे सरकली आणि फोकस हलला. तिला स्वतःला तो फोटो मुखपृष्ठावर नको होता. हे वाचल्यावर मी जुन्या हार्ड डिस्क उघडून 'रद्दी' नावाचं फोल्डर परत बघायला बसले. रद्दी बहुतेक रद्दीच होती, हेही सांगायला हवं.

कानाचं कळलं ते 2018 मध्ये. एका रविवारी सकाळी घर शांत होतं आणि डाव्या कानात कुकरची शिटी लांबून वाजावी तसा आवाज. मला वाटलं शेजारचा कुकर. तो दिवसभर शिजला. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कारखान्यात काम करता का?" मग त्यांनी हिशेब सांगितला. 85 डेसिबलला आठ तास चालतं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. शंभरला पंधरा मिनिटं. मी सहा वर्षं डाव्या बाजूच्या स्पीकरला खेटून उभी राहत होते, कारण तिथून गाणाऱ्याचा उजवा गाल दिसतो आणि माइक आडवा येत नाही. आता बोळे घालते. पहिले दोन महिने माझे सगळे फोटो उशिरा येत होते, जमिनीवरच्या अक्षतांसारखे. हाय-हॅटच ऐकू येईना. मग किक ड्रमवर विसंबायला शिकले. तो कानाने नाही, पोटाने ऐकू येतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये त्या ड्रमरचं लग्न झालं, पिंपळे गुरवच्या एका कार्यालयात. बँड केव्हाच फुटला होता. गिटारवाला बंगळुरूला, बासवाला जर्मनीत, गाणारा जिम चालवतो. गच्चीवरचं ते हॉटेल लॉकडाऊनमध्ये बंद पडलं ते पडलंच. तिथे आता डायग्नॉस्टिक सेंटर आहे. फोटोचं काम अर्थात माझ्याकडे, या वेळी पैसे घेऊन. मंगलाष्टकं चालू होती, तो मुंडावळ्यांत उभा, अंतरपाटाच्या वर त्याचे केस आणि कपाळ तेवढं दिसत होतं. हातातल्या हारावर त्याची बोटं चालू होती. एरवी सिंबलमागे, आज अंतरपाटामागे, असं मनात आलं आणि त्याच वेळी मला आठवेना की मी याचा चेहरा शेवटचा कधी काढला. 'सावधान' झालं. तो फोटो चांगला आला.

पंगतीच्या वेळी त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. "याचा ते वाजवतानाचा एक मोठा फोटो दे गं. आमच्याकडे एकपण नाही. मी कधी आले नाही ना, रात्रीचं असायचं."

मी म्हटलं, "काकू, शेकड्यांनी आहेत."

नव्हते. तीन रात्री हार्ड डिस्क चाळल्या. त्या बँडच्या एकवीस गिग्जचे साडेपाच हजार फोटो. गाणारा सगळ्या कोनांतून, त्याच्या मागे दोन गिटार, आणि सगळ्यांत मागे, जिथे दिवे पोचत नाहीत तिथे, एक धुरकट आकृती. सिंबल नेमकी तोंडाच्या उंचीला. कुठे एक कान, कुठे हवेत कांडी, कुठे नुसता घामेजलेला दंड. ज्याच्या ठोक्यावर मी प्रत्येक फोटो काढला तो एकाही फोटोत धड नव्हता. मला बाजूने मागे जाता आलं असतं. वायरींवरून जावं लागलं असतं, साऊंडवाला ओरडला असता, एवढंच. गेले नाही. मला पुढे काम होतं.

शेवटी 'रद्दी'त एक सापडला. 2014 चा. बहुतेक कुणाचा तरी धक्का लागून कॅमेरा वर गेलेला, गाणाऱ्याचं डोकं कडेला अर्धं कापलेलं, आणि मधल्या मोकळ्या जागेत तो. सिंबल मारून खाली झुकलेली, तिच्या वरच्या काठावर दोन डोळे घट्ट मिटलेले, खालचा ओठ दाताखाली. फोकस माइकच्या दांड्यावर होता. दाणे पुष्कळ. लाल दिवा, म्हणून कृष्णधवल केला आणि बारा बाय अठराचा छापून, फ्रेम न करता, गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे गेले. धूसर आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

काकूंनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. बराच वेळ बघत होत्या.

"अगं, हे तोंड," त्या म्हणाल्या. "बालवाडीत असताना तुपाच्या डब्यावर वाजवायचा ना, तेव्हा अस्संच करायचा. मी ओठ सोडवायला लावायचे. मला वाटायचं चावेल."

मग आत गेल्या आणि पाचशेची नोट घेऊन आल्या. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन उघडून ती आत सरकवली, बोळ्यांच्या डबीशेजारी.